स्वप्नांचा तास

बोटीवरून सुट्टीला आलेला रुपेश शमिकाला घेऊन हेदवीजवळची ती वेगळी शाळा बघायला गेला, तो मनात नकार धरूनच. परीक्षा नाही, गणवेश नाही, तिथे पोर शिकणार तरी काय?

काजूच्या सावलीत मुलं गोल करून बसली होती आणि एकेक जण आदल्या रात्रीचं स्वप्न सांगत होता. खालून समुद्राची गाज येत होती. आठ वर्षांची शमिका बाबांचं बोट सोडून हळूच त्या गोलात जाऊन बसली. कुणी तिला नावही विचारलं नाही. तिची वेळ आली तशी ती म्हणाली, "मी पाण्याखाली चालत होते. वरून बाबांची बोट ढगासारखी जात होती. मी हाक मारली, तर ती थांबली."

"मग?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"मग बाबा शिडीवरून खाली आले."

तेवढ्यात घरून बायकोचा, अक्षयाचा फोन आला. "अहो, काय ठरलं? नकोच ना?"

"नाव घालूनच येतोय," रुपेश म्हणाला. "अगं, दोन वर्षांनी आपली शमिका वर्गात बोलली."