पहिला घोट

मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना चहा देऊन झाला. मग आईने दादाचा कप उचलला, त्यातला एक घोट स्वतः घेतला आणि कप त्याच्या हातात दिला. नऊ वर्षांची सवय, हात आपोआप गेला. मुलाची आई बघतच राहिली. माझ्या आईचा चेहरा खर्रकन उतरला, कारण "दादाच्या आजाराचं आज काढायचं नाही" असं सकाळी तिनेच बजावलं होतं.

"तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात दादाच बोलला. "पद्धत नाही, काका. मला स्किझोफ्रेनिया आहे. चहात विष घातलंय, असं मला ऐकू यायचं. मी खाणंपिणंच सोडलं होतं. मग आई आधी घोट घेऊन दाखवायची, तेव्हा मी प्यायचो."

"आणि आता?"

"रोज गोळ्या घेतो. मिरजेत सतारींना तारा चढवतो. आवाज मात्र पुरते गेलेले नाहीत. आत्ताही एक जण सांगतोय, पिऊ नकोस."

दादाने हातातला कप खाली ठेवला. ट्रेमधला दुसरा, कुणीच न चाखलेला कप घेतला आणि सगळ्यांदेखत सावकाश संपवला.

मग पहिला कप त्याने आईपुढे सरकवला.

"हा तुझा. आज घोटभर नको, अख्खा पी."