अबू लैथचा तिसरा बोल्ट

हिकमतचा उजवा हात कोपरापर्यंत इंजिनात गेला होता. पाठीखाली पुठ्ठा, डोळ्यांत गंज, आणि डोक्याशी खुर्ची टाकून बसलेला मेहुणा.

"अबू लैथ असता तर एव्हाना हात धुऊन चहा पीत बसला असता," मेहुणा सलामे म्हणाला. "अल्ला यर्हमो."

"अल्ला यर्हमो," गाडीखालून हिकमत म्हणाला.

म्हणावंच लागतं. मेलेल्याचं नाव निघालं की ऐकणाऱ्यानं त्याच्यासाठी देवाची दया मागायची, ही रीत. अबू लैथ, म्हणजे लैथचा बाप, हा हिकमतच्या बायकोचा पहिला नवरा. चार वर्षांपूर्वी वारला. लैथ आखातात नोकरीला गेला आणि आठ महिन्यांपूर्वी नवालनं हिकमतशी लग्न केलं. तेव्हापासून हिकमत दिवसातून वीसएक वेळा आपल्या सवतीसाठी दया मागत होता. पुरुषाला सवत नसते असं भाषा म्हणते. भाषेनं नवालशी लग्न केलेलं नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी अबू लैथनं बसवलेली. द्राक्षाचा मांडव त्यानं उभारलेला. न करकरणारं दार त्याच्यामुळे करकरत नव्हतं. हिकमतनं सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, म्हणून सगळे त्याला उस्ताज, म्हणजे मास्तर, म्हणत. नाईलचा उगम त्यानं झोपेतही सांगितला असता, पण या घरात तो कुणी विचारत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी गाडीचा स्टार्टर गेला. गाडीही अबू लैथचीच. जॉर्डनमधलं हे सल्त गाव सगळं उतारावर, त्यामुळे अडलं काहीच नाही. तोंड खाली करून गाडी लावायची, ब्रेक सोडायचा, वेग आला की गिअर टाकायचा. नवालनं तक्रार केली नाही. फक्त एकदा भेंडी चिरता चिरता म्हणाली, "मागच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, त्यानं दारातच बदलला होता. एकट्यानं."

पुढच्या शुक्रवारी हिकमत नवा स्टार्टर आणि तीन नवे बोल्ट घेऊन पुठ्ठ्यावर आडवा झाला.

स्टार्टर तीन बोल्टांवर असतो. दोन खालून दिसतात. ते तासाभरात सुटले. तिसरा वर, इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत. तो दिसत नाही, आहे असं मानायचं. हिकमत तोच चाचपत होता. बोटाला कड लागली, मग भोक लागलं. बोट भोकात गेलं. आत माती होती आणि वाळलेलं ग्रीस. बोल्ट नव्हता.

त्यानं नवालचा छोटा आरसा आत सरकवला, मोबाइलचा दिवा मारला. नव्हताच. अबू लैथनंतर या स्टार्टरला कुणी हात लावला नव्हता.

गाडीखाली उताणं पडून माणूस जितका नाचू शकतो तितका हिकमत नाचला.

"काय झालं, उस्ताज?" सलामे ओरडला. "करंट बसला?"

"बॅटरी काढलीय," हिकमत गोड आवाजात म्हणाला. "तू बस."

हुकमाचं पान हाती आलं होतं. आता आपण तिन्ही बोल्ट बसवायचे. मग सलामेला बोलवायचं, नवालला बोलवायचं, जमलं तर मशिदीतून परतणारी गल्लीही थांबवायची, आणि सहा वर्षांचं ते भोक शांतपणे समजावून सांगायचं. नकाशावर काडी ठेवून सांगतात तसं.

दोन बोल्ट वीस मिनिटांत बसले. तिसरा पहिल्यांदा पडला तेव्हा हिकमत हसला. चौथ्यांदा पडला तेव्हा हसला नाही. उजव्या हातानं झालं, डाव्यानं झालं. बोल्टाला दोरा बांधून झाला, पान्याला च्युइंगगम लावून बोल्ट चिकटवून झाला. बोटांच्या पेरांची सालं इंजिनातच राहिली. सलामे आत जाऊन मटणभाताचा मन्सफ जेवला, दात कोरत परत येऊन खुर्चीत बसला.

"अजून तिथंच?"

हिकमतनं बोल्ट पुन्हा फटीत सरकवला. त्याचा गाल इंजिनाला टेकला होता. खुर्चीचे चार पाय आणि सलामेच्या चपला, एवढंच जग त्याला दिसत होतं. अबू लैथलाही एवढंच दिसलं असणार, असं त्याच्या मनात आलं. हाच पुठ्ठा नसेल, पण याच चपला.

"अल्ला यर्हमो," हिकमत पुटपुटला. कुणी नाव काढलं नव्हतं.

तिसरा बोल्ट त्यानं खिशात टाकला, तारा जोडल्या आणि बाहेर सरकला. बॅटरी लागली. नवालनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सलामे चक्क उभा राहिला.

"तिन्ही बसले?"

नवाल खिडकीतून बघत होती. हुकमाचं पान अजून हातात होतं. टाकायला याहून चांगली वेळ आली नसती.

"तिन्ही," हिकमत म्हणाला. "अबू लैथनं बसवले होते अगदी तसेच."

"मग काम पक्कं," सलामे म्हणाला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं हिकमतला स्वतःची खुर्ची दिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवालनं त्याच्या सोललेल्या पेरांना तेल लावलं. मग दार लोटून घेतलं, फळीवरचा बटणांचा डबा काढला आणि बटणांच्या तळातून एक जुना बोल्ट उचलून त्याच्यासमोर धरला.

"हा त्याच्या खिशात सापडला होता, कपडे धुताना. कुणाला बोलले नाही," ती म्हणाली आणि दुसरा हात पसरला. "आण, तुझाही दे."