बंदीतला समुद्र

लाटांपासून वीज काढणं परवडेल का, हे कीर्तनाच्या मोजणीवर ठरणार होतं. चेन्नईच्या समुद्रात तिचं तरंगतं यंत्र वर्षभर लाटा मोजत होतं. आकडे झकास आले. फक्त रविवारी आणि मासेमारीबंदीच्या दिवसांत समुद्र जवळजवळ निपचित पडलेला दिसत होता. बंदी उठल्यावर ती स्वतः जाऊन बघून आली.

“सार, मच्छीमार आपल्या यंत्राला होड्या बांधतात. आपण लाटा मोजल्याच नाहीत, होड्यांचे हिसके मोजलेत.”

तिच्या साहेबांनी, शेषगिरींनी, चष्मा पुसला. “रोज बांधतात?”

“रविवार सोडून.”

“मग लाटांपेक्षा भरवशाच्या आहेत,” म्हणत त्यांनी अहवालावर सही केली.

प्रकल्प मंजूर झाला. सुरक्षेसाठी त्या पट्ट्यात होड्यांना कायमची बंदी घातली.