सात नंबरचा उंदीर

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही उंदरांची वजनं घेतलीत?" प्रयोगवहीतल्या तारखेवर बोट ठेवून मी विचारलं.

पीएचडीच्या मुलाखतीला आलेली ही आजची अकरावी उमेदवार. सलग चाळीस दिवसांच्या नोंदी, एका दिवसाचा खाडा नाही. दिवाळीत तर प्रयोगशाळेला कुलूप असतं. इतक्या चोख वह्या कशा तयार होतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

"हो सर. वॉचमनकाकांकडून चावी घेतली. औषध रोजच द्यावं लागतं."

"साक्षीदार कोण?"

"उंदीरच होते, सर."

शेजारच्या मॅडम हसल्या. मी नाही हसलो. आता चोरी पकडायचीच, म्हणून पान उलटलं. तिथे लाल शाईत लिहिलं होतं : 'पाडवा. सात नंबरचा उंदीर मेला. सुई चुकीच्या जागी टोचली गेली. चूक माझी.'

"हे कशाला लिहिलंत? न लिहिता कोणाला कळलं असतं?"

"पण मेला होता ना, सर."

मी वही मिटून तिला परत दिली. माझ्या स्वतःच्या प्रबंधात साठ उंदीर होते. कागदावर त्यातला एकही मेला नव्हता.