सुतळीच्या गाठी

दृष्टी गेली तरी म्हातारा शिंपी आपल्या घरात काठीशिवाय फिरायचा. भाडं परवडेनासं झालं होतं, पण दूर मुलखातल्या स्वस्त जागेचा विषय त्याच्यापाशी काढायला बायकोची जीभ रेटेना. शेवटी तिच्या मनातलं ओळखून तोच म्हणाला, "अगं, चल की! मला काय, इथेही अंधार नि तिथेही अंधार. गाव बदलल्याचं कळायचंसुद्धा नाही."

ती हसली आणि तिनं डोळे पुसले. मग देवाचं नाव घेऊन एकटीच गेली आणि जागा ठरवून आली.

परतली तेव्हा तो जमिनीवर गुडघे टेकून सुतळीला गाठी मारत होता. "ही पहिली गाठ, पलंगापासून दारापर्यंत. दुसरी, दारापासून माठापर्यंत. तिसरी, माठापासून तुझ्या खुर्चीपर्यंत. शिंप्याचं माप आहे, बोटभरही चुकायचं नाही. तिथे सामान एवढ्याच अंतरांवर लाव, म्हणजे मी धडपडणार नाही. लावशील ना?"

"लावते हो. अगदी अस्संच लावते," म्हणत तिनं सुतळीचं टोक हातात घेतलं.

ती ठरवून आली होती ती जागा म्हणजे एकच खोली होती, आणि पहिल्या गाठीच्या आधीच संपत होती.