चार करे

अक्षय तृतीयेला कोंढ्यात घरोघर पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरून ठेवतात. १९७६ साली जनाबाईनं सासू-सासऱ्यांच्या घागरींशेजारी मातीचे चार लहान करे मांडले.

"हे कोणाचे?" भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं विचारलं.

भासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, त्याचं नाव घ्यायची तर नव्हतीच. जनाबाई पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चितळाच्या पिलायचे. बकरीच्या दुधावर जगवून राहिली होती मी. नाही जगले."

"पितरायच्या रांगेत जनावरं? उचल ते!"

"नाही उचलत."

"कोण लागत होते ते तुझे?"

"माह्या मांडीवर जीव सोडला त्यायनं. अजून काय लागावं लागते?"

भासरा जमलेल्या सोयऱ्यांकडं बघून हसला. "अवो, नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही. घे बरं त्यायचं नाव!"

"नाव ठेवायच्या आधीच गेले. पण त्यायच्या माया कोणाच्या बंदुकीनं मेल्या, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. तेच नाव घेते."

कोणी हसलं नाही. जनाबाई भिंतीकडून वळली. तिनं पदर मागं सारला, ओंजळीत पाणी घेतलं आणि भासऱ्याच्या डोळ्यांत बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "मारोतराव!"

चारही कऱ्यांपाशी, एकेकदा.