निकालाचं पान

मध्ययुग म्हटलं की नववीचा वर्ग जांभया द्यायला लागायचा. लढाया आणि सनावळ्यांना पोरं पार विटली होती. शेवटी इतिहासाच्या बाईंनी इंटरनेटवरचा जुन्या खटल्यांच्या कागदपत्रांचा एक फुकटचा संग्रह धुंडाळला आणि सातशे वर्षांपूर्वीची एक जबानी सोपी करून पडद्यावर लावली. एका विणकराच्या बायकोने न्यायाधीशाला सांगितलं होतं, "नवरा मारतो. मला त्या घरी परत पाठवू नका."

"मग पुढे काय झालं?" वर्गाने एकच गलका केला.

"निकालाचं पान सापडलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "तिचं म्हणणं तेवढं टिकलं."

तास संपल्यावर, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी टेबलाशी येऊन घुटमळली. "बाई, ते कोणालाही वाचता येतं?"

बाईंना कोण आनंद झाला. चला, एकीला तरी इतिहासाची गोडी लागली! "हो, पैसेही पडत नाहीत. आईचा नंबर दे, मोबाइलवर पाठवते."

"मोबाइलवर नको. बाबा तपासतात." मुलगी खाली बघत म्हणाली, "आईलाच इथे घेऊन येऊ?"

बाईंनी नंबर घ्यायला काढलेला मोबाइल पर्समध्ये ठेवला. "ये घेऊन," एवढंच त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर आई आली. तिने उभ्याउभ्याच पडद्यावरची जबानी वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"असं सांगितलं, तर कोणी लिहून घेतं?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी दार लोटलं, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढ्यात घेतला.

"मी घेते. तुम्ही सांगा."